दुष्टाची खुर्ची

गुपितं कशी राखावीत याचा जन्मभर अभ्यास करणाऱ्या माणसांच्या पोटात एक किस्सा टिकत नाही, हा माझा अनुभव आहे. आमची क्रिप्टोग्राफीची लॅब म्हणजे चार टाळकी, दोन खोल्या आणि एक चहाची किटली. पण कुठल्याही लग्नामुंजीत कुणीतरी मला कोपऱ्यात गाठतं आणि म्हणतं, तुमच्या लॅबमधलं काहीतरी सांगा ना. मी सांगते, लोक हसतात. घरी येताना रिक्षात मात्र माझ्या मनात येतं, हे सांगायला हवं होतं का?

माझा स्वभावच मुळात घोर लावून घेण्याचा. गॅस बंद केला का हे बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत जाते. नवरा म्हणतो, "तू या क्षेत्रात गेलीस ते बरं झालं. निदान काळजी करण्याचा पगार तरी मिळतो."

आमचं काम सांगायला सोपं आहे. निरोप असा बंद करायचा की ज्याच्यासाठी आहे त्यालाच तो उघडता यावा. पण चांगलं कुलूप करायचं तर आधी कुलपं फोडायला शिकावं लागतं. आणि एकदा फोडता आलं की ते कुणाकुणाला सांगायचं, हा खरा प्रश्न. त्यासाठीच आमच्याकडे ती खुर्ची आहे.

परीक्षा विभागानं टाकून दिलेली लाकडी खुर्ची. तिचा एक हात सैल आहे, टेकलं की खाचेतून निसटतो. लॅबचे प्रमुख देवस्थळी सर, साठीला आलेले, बोलणं कमी आणि जे बोलतील ते बरोबर जागी टोचणारं. त्यांनी नियम घालून दिला. कुठलाही शोधनिबंध बाहेर पाठवायच्या आधी बुधवारी जेवणानंतर सगळ्यांनी बसायचं आणि एकानं त्या खुर्चीत. जो खुर्चीत बसेल त्यानं दुष्ट व्हायचं. हे संशोधन माझ्या हाती पडलं तर मी कुणाचं काय वाटोळं करीन, ते त्यानं तपशीलवार सांगायचं. इतरांनी मध्ये बोलायचं नाही. मग ठरवायचं, निबंध पाठवायचा, बदलायचा की कपाटात ठेवायचा.

दुष्टाशी बोलताना आदरार्थी बोलायचं, हाही नियम. "अहो दुष्ट, आपण सुरुवात करावी," असं सर म्हणायचे. त्याचं कारणही त्यांच्याकडे होतं. "अरे-तुरे केलं की तो आपल्याला मूर्ख वाटायला लागतो. तो मूर्ख नसतो. आपल्याइतकाच शिकलेला असतो, फक्त त्याला वेळ जास्त असतो."

*

नचिकेत हिंजवडीतली नोकरी सोडून आमच्याकडे पीएचडीला आला. दुष्टाची भूमिका त्याला फारच मानवते.

माझा एक निबंध होता, सोसायटीच्या गेटवरच्या ॲपबद्दल. पाहुण्याचं नाव वॉचमनला कळू नये, पण पाहुणा खरा आहे एवढं कळावं, अशी माझी कल्पना. यात वाईट काय निघणार, असं मला वाटत होतं. नचिकेत खुर्चीत रेलला आणि म्हणाला, "मॅडम, मला नाव नकोच आहे. तुमच्याकडे माणसं यायची कधी थांबतात एवढंच मी बघीन. कामाच्या मावशी नाहीत, कुरियर नाही, इस्त्रीवाला नाही. म्हणजे फ्लॅट रिकामा. मी आरामात येईन, आधी चहा करून घेईन."

सगळे हसले, मीही हसले. घरी गेले आणि ठरलेली कोकणातली ट्रिप रद्द केली. नवऱ्यानं कारण विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं. तो बॅग परत माळ्यावर टाकत म्हणाला, "चोर तुमच्या लॅबमध्ये आणि शिक्षा आम्हाला!"

निबंध मी बदलला. अधूनमधून खोटे पाहुणे येत राहतील अशी सोय त्यात घातली. दाराला मात्र तेव्हापासून दोन कुलपं असतात.

*

प्रणाली यवतमाळकडची. वारज्याला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. तिचं गणित असं की कधीकधी सरसुद्धा फळ्यासमोर खडू हातात धरून गप्प उभे राहतात. पण दुष्टपणा काही केल्या तिला जमेना. पहिल्यांदा खुर्चीत बसली तेव्हा पाय आवळून, पुस्तक छातीशी धरून बसली, डेंटिस्टकडे बसतात तशी.

"पण मी कायले करू असं, सर?" तिनं विचारलं.

सरांनी समजावलं, की समज, तुला दुष्टपणाचीच नोकरी लागली आहे.

तिनं मनापासून विचार केला. "मंग मी त पहिल्याच दिवशी राजीनामा देईन नं, सर."

"देशाचं भलं होईल," सर म्हणाले, "पण निबंधाचं काय?"

पुढे तिनं स्वतःपुरता एक मार्ग काढला. मी काय वाईट करीन हे तिला सुचायचं नाही, पण हे कोणाला दुखेल, हे मात्र ती बरोबर सांगायची. खेड्यातली म्हातारी, हॉस्टेलची मुलगी, नुकती नोकरी गेलेला माणूस. एकेक माणूस ती आमच्यासमोर आणून उभा करायची, आणि नचिकेतच्या चोरांपेक्षा मला प्रणालीच्या माणसांची जास्त धास्ती वाटायची. चोराला कुलूप लावता येतं.

*

दुपारच्या चहाच्या वेळी सर घरी फोन करतात. रोज. वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, उचलला की "काय चाललंय?" एवढं विचारून ठेवून देतात. नाही उचलला तर पुन्हा करतात, मग पुन्हा. तोवर चहा निवून जातो आणि कपावर साय धरते.

नचिकेतला याचं भारी कौतुक. "इतक्या वर्षांनी पण! किती क्यूट ना, मॅडम." माझा नवरा मला फोन करतो तो फक्त किल्ली सापडत नसली की. त्यामुळे मला वहिनींचा थोडा हेवाच वाटायचा.

घरातलं इंटरनेटही सरांनी स्वतः बसवलंय. कुठलं उपकरण कधी काय करतं ते त्यांना लॅबमध्ये बसून दिसतं. "माझ्या घरातून मला न कळता एक बाइट बाहेर जात नाही," असं ते सांगायचे, आणि आम्ही त्याला सुरक्षेचा धडा समजून मान डोलवायचो. एकदा चहा ओतता ओतता म्हणाले, "हल्ली आमची ही सारखी मोबाईलवर पाककृती बघत असते. जेवण मात्र आहे तेच आहे!"

नचिकेतला ठसका लागला. मी हे वाक्य पुढे दोन-तीन लग्नांत खपवलं.

*

आता प्रणालीच्या शोधाबद्दल. तिनं आपल्या मावशीला तो फोनवर समजावला होता, तोच सांगते. पाकीट न फोडता आत लग्नपत्रिका आहे की विम्याची नोटीस, हे पोस्टमनला जाडीवरून कळतंच की नाही? तसंच मोबाईलचं. निरोप कितीही पक्का बंद करा, तो केवढा आहे, कितव्या क्षणाला गेला, त्याच्यामागून किती वेळानं दुसरा गेला, हे बाहेरून दिसतं. नुसत्या त्या जाडीवरून आत काय चाललंय हे किती ओळखता येईल, हा तिचा विषय.

तिनं बरीच ॲप्स तपासली. शेवटी तिला एक असं हवं होतं की जे ओळखूच येणार नाही, म्हणजे आपल्या पद्धतीची मर्यादा दाखवता येईल. म्हणून तिनं एका महिला हेल्पलाइनचं ॲप निवडलं. घरात मार खाणाऱ्या, धाकात राहणाऱ्या बायकांसाठीचं. फार काळजीनं केलेलं. फोनवर ते पाककृतींचं ॲप म्हणून दिसतं, आणि उघडलं तर आत खरोखरच भरल्या वांग्यांची कृती असते. वांग्यांच्या चित्रावर बोट दाबून धरलं की मागचं दार उघडतं आणि समुपदेशक ताईंशी लिहून बोलता येतं.

प्रयोगाच्या दिवशी नचिकेत मोबाईल घेऊन शेजारच्या खोलीत बसला आणि प्रणाली इकडे वायफायच्या डब्याला लॅपटॉप जोडून. तिच्या पडद्यावर नुसते ठिपके. ती बघून सांगू लागली, आता ॲप उघडलं. आता नुसती रेसिपी बघून राहिला. आता मागचं दार. आता लिहितोय, लांबलचक लिहितोय. आता घाईनं बंद केलं. पलीकडून नचिकेत प्रत्येक वेळी "करेक्ट!" असं ओरडत होता. शेवटच्या करेक्टला आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर उभी राहून वाजवल्या.

सरांनी विचारलं, हे घरात कोणाला करता येईल?

"वायफाय ज्याच्या हातात आहे त्याले," प्रणाली म्हणाली, आणि बोलता बोलताच तिचा चेहरा उतरला.

नचिकेत मोबाईल हातात घेऊन दारात आला होता. "म्हणजे ज्याच्यापासून ती लपवते," तो म्हणाला, "त्यालाच."

सरांनी चष्मा काढून पुसला. "टाळ्या परत घ्या," म्हणाले.

*

हेल्पलाइनला कळवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी कागदावर मुद्दे लिहून, पाणी पिऊन फोन लावला. पलीकडच्या बाई इतक्या मायेनं बोलल्या की मी मुद्दे विसरले.

"ताई, आत्ता तुम्ही सुरक्षित आहात ना? शेजारी कुणी आहे का?"

मी म्हटलं, शेजारी विद्यार्थी आहेत, मी संशोधक आहे, कॉलेजमधून बोलतेय.

"हो ताई. शिकलेल्या बायकांचेही पुष्कळ फोन येतात. लाज वाटून घेऊ नका."

मी सांगितलं की मला काही त्रास नाही, त्रास तुमच्या ॲपमध्ये आहे. त्यावर त्या म्हणाल्या, की सुरुवातीला सगळ्याच असं म्हणतात, मला काही त्रास नाही. नचिकेत तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. शेवटी सरांनी फोन घेतला, तर पुरुषाचा आवाज ऐकून पलीकडच्या बाईंनी तो तत्काळ कट केला. मला हसू यायच्या ऐवजी बरं वाटलं. ज्या कुणी त्या बाईंना फोन करत असतील त्यांच्यासाठी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि प्रणाली प्रत्यक्ष गेलो. छोटंसं ऑफिस, दारावर पाटी नाही. तिथल्या प्रमुख ताईंनी सगळं ऐकून, लिहून घेतलं आणि पुढे पाठवलं. ॲप करून देणारा मुलगा परदेशात असतो, नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी हे काम करतो. त्यानं कळवलं, की सगळे निरोप एकाच मापाचे करावे लागतील, मध्ये मध्ये खोटे पाठवावे लागतील, बरंच काही पाडून बांधावं लागेल. दिवाळीच्या आधी होणार नाही.

मी विचारलं, तोवर ॲप बंद ठेवता येणार नाही का?

"आणि ज्या आज त्यावर बोलतायत त्यांनी कुठे जायचं?" ताई म्हणाल्या.

मग प्रणालीनं विचारलं, त्यांना निदान सावध करता येईल का? ताईंनी मान हलवली. सावधगिरीचा मेसेज फोनवर झळकणार, आणि तो फोन कोणाच्या हातात असेल हे कोणाला माहीत. ज्या संपर्कात आहेत त्यांना ताई संधी मिळेल तसं एकेकीला तोंडी सांगणार होत्या. बाकीच्या बायका कोण, कुठे, हे ताईंनाही माहीत नव्हतं. त्यांना कळू नये अशीच तर ॲपची रचना होती.

परत येताना प्रणाली रिक्षातून रस्त्यातल्या प्रत्येक बिल्डिंगच्या खिडक्यांकडे बघत होती. मीही बघायला लागले आणि मग ती सवय मला आजतागायत सुटलेली नाही.

*

इकडे निबंध तर लिहून तयार होता. परदेशातल्या एका परिषदेनं तो गुप्तता पाळून वाचला आणि स्वीकारला, पण छापण्यासाठी अट घातली की ठिपके ओळखणारा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला करा. प्रणालीची फेलोशिप संपत आली होती आणि हा निबंध छापून आल्याशिवाय तिचा प्रबंध पुढे सरकणार नव्हता. तिचे बाबा फोनवर विचारायचे, "झालं का वं तुयं?" ती म्हणायची, होतंय बाबा. फोन ठेवला की नखं खायची.

आमच्या संचालकांना कुठूनसं कळलं. ते उत्साहानं लॅबमध्ये आले, वर्तमानपत्रांना बातमी द्यायची म्हणून. पुण्यातल्या मुलीनं लावला शोध, प्रणालीचा फोटो वगैरे. सर शांतपणे म्हणाले, "चोराला पत्ता छापूनच द्यायचा असेल तर निदान पिनकोड तरी चुकवा." संचालक गेले ते त्या महिन्यात आमच्याकडे फिरकले नाहीत.

त्या दिवसांत सरांबद्दल मला फार आदर वाटला, हे सांगितलं पाहिजे. दुरुस्ती होईपर्यंत थांबायचं, ही भूमिका त्यांनी एकट्यानं रेटली. पत्रं लिहिली, बोलणी खाल्ली. "आपण शोध लावला म्हणजे आपला हक्क झाला असं नाही," ते प्रणालीला म्हणाले, "आधी आपली जबाबदारी झाली."

प्रोग्राम कुणाच्या हाती लागू नये म्हणून आम्ही तो कुलूपबंद केला आणि किल्लीचे तीन तुकडे केले. किल्ली म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक, निरर्थक माळ. कुठलेही दोन तुकडे एकत्र आले तरच कुलूप उघडणार. एक तुकडा सरांकडे, एक माझ्याकडे, एक प्रणालीकडे. सरांनी त्यांचा घरी टेबलाच्या खणात ठेवला. आम्ही विचारलं, घरी सुरक्षित आहे का? ते म्हणाले, "माझ्या टेबलाला घरात कुणी हात लावत नाही. तशी शिस्त आहे." मी माझा देवघरातून डाळीच्या डब्यात, तिथून शिवणाच्या पेटीत असा हलवत राहिले आणि शेवटी कुठे ठेवला ते आठवेना.

प्रणालीनं मात्र कागद फाडून टाकला आणि तुकडा पाठ केला. पाठ राहावा म्हणून त्याला आरतीची चाल लावली. पुढच्या आठवड्यात नचिकेत धावत आला. "मॅडम, ती वारज्याच्या बसमध्ये किल्ली गुणगुणतेय! शेजारच्या आजी टाळ्या वाजवतायत!"

सरांनी तिला बोलावलं. "चाल बदला," म्हणाले, "किंवा निदान बेसूर तरी गा."

*

गुपित असं राखल्यावर व्हायचं तेच झालं. एक गृहस्थ भेटायला आले. कडक इस्त्री, गोड बोलणं. घरांसाठी कौटुंबिक सुरक्षेचं उपकरण बनवतात म्हणे. त्यांच्या कानावर आलं होतं, की आमच्याकडे असं काही आहे ज्यानं घरात कोण कुठलं ॲप वापरतंय हे कळतं. कानावर कुठून आलं ते त्यांनी सांगितलं नाही. मला संचालक आठवले, बसमधल्या आजीही आठवल्या.

लॅबमध्ये चार खुर्च्या रिकाम्या होत्या. गृहस्थांनी चारही बघितल्या आणि सरळ जाऊन दुष्टाच्या खुर्चीत बसले.

नचिकेतनं माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं. गृहस्थांना वाटलं, आपण कुणाची जागा घेतली. ते अर्धे उठले.

"बसा, बसा," सर म्हणाले, "आपलीच आहे."

मग त्यांनी घरातल्या पारदर्शकतेवर बरंच काही सांगितलं. कुटुंबात लपवण्यासारखं असावंच का, मुलांच्या भल्यासाठी, बायकांच्या भल्यासाठी, असं. आम्ही नियमाप्रमाणे मध्ये बोललो नाही. त्यांचं संपल्यावर सर म्हणाले, "आपण फार तपशीलवार सांगितलंत. आभारी आहोत," आणि त्यांना जिन्यापर्यंत पोचवून आले. ते गेल्यावर प्रणाली म्हणाली की त्यांचाही धंदा कुलपांचाच, फक्त बाहेरून लावायच्या कुलपांचा. मला त्या रात्री झोप लागली नाही. मला तशीही लागत नाही.

*

मग परिषदेनं एक तडजोड सुचवली. ॲपचं नाव नको, प्रोग्राम नको, पद्धतही नको. फक्त एवढंच छापा, की अशा प्रकारच्या ॲपचा वापर घरच्या वायफायवरून ओळखता येतो. एक पानाचा इशारा. तेवढ्यावर प्रणालीचं नाव लागेल आणि प्रबंधाची गाडी पुढे जाईल.

बुधवारी आम्ही बसलो. आज दुष्ट कोण व्हायचं ते ठरायचं होतं. तेवढ्यात दारात वहिनी आल्या. सरांच्या पुतण्याचा कात्रजला साखरपुडा होता, तिकडे दोघांना जायचं होतं. मोरपंखी साडी, हातात छोटी पर्स. सर म्हणाले, दहा मिनिटं बस, आम्ही आवरतोच. एकच खुर्ची रिकामी होती, तिच्यात त्या बसल्या. टेकल्याबरोबर खुर्चीचा हात निसटला.

आम्ही बोलत राहिलो. सगळ्यांना तडजोड पसंत होती. सरांनाही. पद्धतच दिली नाही तर नवरा करणार काय? त्याला थोडंच गणित येतं? मलाही पटलं. प्रणालीचं सुटेल या विचारानं बऱ्याच दिवसांनी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं.

नचिकेतला राहवलं नाही. "काकू, तुम्ही दुष्टाच्या खुर्चीत बसलात. आता बोलावं लागणार!"

"तिला काय कळणार यातलं," सर हसत म्हणाले.

वहिनींनी प्रणालीला विचारलं, काय सांगायचं असतं? प्रणालीनं थोडक्यात सांगितलं. घरात धाकात राहणारी बाई, तिचं एक ॲप, ते ओळखता येतं, पण कसं ते आम्ही सांगणार नाही, फक्त येतं एवढंच छापणार. तर आता तुम्ही वाईट नवरा असाल तर काय कराल?

वहिनींनी खुर्चीचा निसटलेला हात मांडीवर घेतला होता. त्याच्याकडे बघत त्या बोलल्या.

"कसं ते कशाला लागतंय? तेवढं छापलेलं जेवणाच्या टेबलावर ठेवायचं. तिच्या ताटाशेजारी. आपण काही बोलायचं नाही, जेवत राहायचं. ती वाचते आणि आपणहून बंद करते. बघायचीसुद्धा गरज पडत नाही."

किटली खदखदत होती, ती बंद करायला कुणी उठलं नाही.

मग सर मोठ्यानं हसले. "वा! इतक्या वर्षांत असा दुष्ट मिळाला नव्हता." आम्हीही हसलो. सर हसले की हसायची आम्हाला सवय होती.

प्रणाली हसली नाही. "सर, मी नाही पाठवत," ती म्हणाली, "एक ओळसुद्धा नाही."

सरांनी फेलोशिपच्या मुदतीचं काय ते विचारलं. ती म्हणाली, वाढवून मागते, नाही मिळाली त पाहू. "बरोबर आहे तुझं," सर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. मग गाडीची किल्ली घेऊन वहिनींना म्हणाले, की मी गाडी काढतो, तू लगेच खाली ये. नचिकेत गाडीला वाट करून द्यायला त्यांच्यामागून गेला.

मी कप गोळा करत होते. वहिनी अजून खुर्चीतच होत्या. सैल हात खाचेत बसवायचा प्रयत्न करत होत्या, आणि तो बसला.

"दुरुस्ती कधी होणार आहे गं?" त्यांनी प्रणालीला विचारलं.

"दिवाळी होईल म्हणाले, काकू."

खालून हॉर्न वाजला. वहिनी उठल्या, पदर नीट केला, पर्समधून मोबाईल काढून एकदा बघितला आणि परत आत ठेवला.

"बरं," म्हणाल्या. "मग तोवर मी थांबते."